जितकी माणसं, तितके वाटे

धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं की लाँच कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, ते कळत नसे. मोटार विजेची, तिला आवाज नाही. सुकाणू धरून उभ्या असलेल्या रामजी सपकाळला अशा सकाळी वाटे, की आपण कुठं जातच नाही. गावंच एकेक करून आपल्याकडं वाहत येताहेत. आधी फुरसळीचा धक्का यायचा, मग देवघळचा, मग आंबेदऱ्याचा. धुक्यातून आधी कंदील दिसायचा, मग पदर, मग माणसं.

या लाँचवर बँक होती. एक काउंटर, एक तिजोरी, दोन बाकडी आणि छपरावर उपग्रहाची थाळी. या खोऱ्यात रस्त्यानं यायचं तर घाट चढून-उतरून चार तास लागत, पाण्यावरून वीस मिनिटं. म्हणून नऊ वर्षांपूर्वी बँकेनं आपली शाखा पाण्यात सोडली होती. शाखेत माणसं दोनच. कौमुदी जंगम ही मॅनेजर, कॅशियर आणि कारकून असं सगळंच. आणि रामजी हा तिचा चालक. वय बासष्ट.

रामजी लाँचवर आला तेव्हा अंगठा उठवत होता. दोन धक्क्यांच्या मधल्या वीस मिनिटांत कौमुदीनं त्याला अक्षरं शिकवली. फुकट गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर तो गिरवायचा. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात पेन. ‘क’ला पोट काढायला त्याला सबंध पावसाळा लागला. तेव्हापासून गिऱ्हाइकांपुढं तो तिला मॅडम म्हणे, आणि दोघंच असली की बाई. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

त्या ऑक्टोबरात पुण्याहून रेहाना मुजावर आली. मुलगी अठ्ठावीस-तीसची, मूळची कोल्हापूरची. पाण्याला भारी भ्यायची. कठडा काही सोडेना. तिच्या पिशवीत भाकरीएवढी एक गोल काच होती.

“ही समतोल,” ती म्हणाली.

“दिसायला बरी हाय,” रामजी म्हणाला. “करती काय?”

“शाखा स्वतःच्या पायावर उभी आहे का, ते सांगते. तात्या, किराणा दुकानात किलो मोजतात. बँकेत काय मोजायचं?”

“पैसं.”

“पैसे तर लोकांचे. आम्ही मोजतो खाती. महिन्यातून एकदा तरी हललेलं खातं, ते चालतं खातं. लोकांची ठेव बँक कमी व्याजानं घेते, तीच जास्त व्याजानं कर्जाऊ देते. मधला फरक तो बँकेचा. इथं एका चालत्या खात्यामागं महिन्याला साडेतीनशे रुपये सुटतात. त्यातून खर्च भागायला हवा. किती खाती चालली की नफा नाही आणि तोटाही नाही, तो आकडा ही काच रोज काढते.”

तिनं काच काउंटरच्या वर बसवली. आतमध्ये पाण्यासारखा पातळ थर होता. चालती खाती वाढली की त्यात दुधासारखा पांढरा रंग वर चढणार होता. ना-नफा-ना-तोट्याच्या आकड्यावर एक निळी रेघ उमटणार होती. दूध रेघेच्या वर गेलं की शाखा तरली. सलग दोन तिमाह्या खाली राहिलं, तर बंद. एकतीस मार्चला निकाल.

“आत्ता कितीय?” कौमुदीनं विचारलं.

“सहाशे चाळीस खाती. रेघ कुठं पडते ते यंत्र शिकलं की कळेल. खर्च दोन जातींचे असतात, ते यंत्र ओळखतं. पण पाण्यावरची शाखा त्यानं कधी पाहिलेली नाही. म्हणून पहिलं उत्तर इथल्या माणसानं द्यायचं. त्या उत्तराच्या वळणानं पुढचं सगळं ते स्वतः शिकेल.”

तिनं एक छापील कागद काढला. त्यावर एकच प्रश्न होता. ‘लाँचच्या विजेचा खर्च कोणाच्या नावावर धरावा?’

काउंटरवर गर्दी होती. कौमुदीचे हात नोटांत होते. रामजी म्हणाला, “द्या हिकडं. मी भरतो.”

सबंध आयुष्यात त्यानं भरलेला हा पहिला फॉर्म. लाँच धक्क्याला बांधली, बाकड्यावर मांडी घातली आणि पाव तास तो त्या कागदावर ओणवा झाला. उत्तराचा विचार त्याला करावाच लागला नाही. खोऱ्यात ते सगळ्यांना पाठ होतं. डिझेलच्या काळात, रामजीची स्वतःची होडी होती तेव्हा, तिकीट नव्हतं. होडीत बसतील त्यांनी उतरताना डिझेल वाटून घ्यायचं. पाटील असो की धनगर, वाटा सारखा. कुणी कुणाचा वाटा भरायचा नाही, कुणी चुकवायचाही नाही. म्हणून त्यानं लिहिलं, ‘जितकी माणसं, तितके वाटे.’

कौमुदीनं कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. “तात्या, अहो एकसुद्धा खाडाखोड नाही!” तिनं अक्षर पाहिलं. उत्तर पाहिलं नाही. आणि रेहानाला वाटलं, किती सुंदर रीत आहे या लोकांची. तिनं कागद यंत्राला दाखवला. काच क्षणभर चमकली, जसं कुणी मान डोलवावी.

आठ दिवसांत काचेत दूध चढलं. पण निळी रेघ काही उमटली नाही. तिच्या जागी आकडे उमटले. ‘तुमचा आजचा वाटा ३७८.’

देवघळच्या भागूबाई ढेबेनं तो पहिल्यांदा पाहिला. सत्तरीची बाई, रानातला मध काढून विकणारी. पोळ्यावरच्या माश्या हिला डसत नाहीत अशी तिची ख्याती, कारण तीच आधी बोलून त्यांना दमवते. दर आठवड्याला ती पैशांचा डबा घेऊन यायची. पैसे भरायला दोन मिनिटं, आणि कौमुदीशी बोलायला अर्धा तास. कुणाच्या मुलीचं जमतंय, कुणाला दवाखान्याला पैसे लागणार, कुणी म्हैस विकली. कौमुदीची निम्मी बँक भागूबाईच्या तोंडातून चालायची.

“ह्यो आकडा कसला गं, पोरी?”

कौमुदीनं सांगितलं. खोटं बोलणं तिला जमत नसे. “तुम्ही आलात की बँकेला तीनशे अठ्ठ्याहत्तर खर्च येतो, मावशी. आणि मिळतात साडेतीनशे.”

भागूबाईनं बोटांवर हिशेब केला. “म्हंजी माझ्यापायी तुझं अठ्ठावीस रुपयं जात्यात?”

“तसं नाही हो...”

“तसंच की! आणि मी बया हितं पाय पसरून बसतीया.” ती उठलीच. “बोललं की जास्त जात्यात का?”

कौमुदीची नजर पायाखालच्या फळ्यांवर गेली. कारण यंत्र त्यांच्याखाली बसवलेल्या तारांतून पावलं मोजत होतं आणि काउंटरवरची मिनिटंही. विजेचा वाटा माणसांत पाडायचा हे वळण त्याला मिळालं होतं. त्याच वळणानं त्यानं पगार वाटला, रंगरंगोटी वाटली, उपग्रहाचं भाडं वाटलं. लाँचवर जे जे होतं ते सगळं चढणाऱ्या माणसांच्या डोक्यावर सारखं ठेवलं.

खोऱ्यातली माणसं दुष्ट असती तर बरं झालं असतं. त्यांनी मायेनं यायचं सोडलं. “मॅडमला तोटा नगं,” असं धक्क्याधक्क्यावर ठरलं. जो तो म्हणे, मी आता दिवाळीला एकदाच जाईन, मग संक्रांतीला. जे येत ते पैसे ठेवून, मान खाली घालून, पाय न वाजवता उतरत. लाँचवर देवळासारखी शांतता पसरली. पाण्यावरचं धुकं दारातून आत येई, बाकड्यावर बसे आणि कुणी उठवत नाही म्हणून बसून राही.

डिसेंबरात पाचशे साठ खाती उरली. काचेवर आकडा आला, ४२५.

रामजीनं गिरवणंही थांबवलं. कौमुदीनं पावती पुढं सरकवली तेव्हा त्यानं ती परत सरकवली. “नगं, बाई. आपली बी मिनिटं मोजत असंल ती.”

“वीस मिनिटं रिकामीच तर आहेत, तात्या.”

“असू द्यात. उगा तुमच्यावर वाटा नगं.”

ती हसली, पण तिनं पेन खणात ठेवलं आणि खण लावला. पुढची वीस मिनिटं दोघं दोन टोकांना उभी होती. मध्ये धुकं होतं. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, लाँचवर कुणीच नाही.

फेब्रुवारीत खाती आली चारशे वीसवर. आकडा ५५०. आणि कौमुदीच्या नावानं पत्र आलं. एकतीस मार्चला शाखा बंद करून तिनं पुण्याच्या कार्यालयात हजर व्हावं. लाँचचा लिलाव होईल. चालकाबद्दल पत्रात ओळ नव्हती.

तिनं ते पत्र रामजीला वाचायला दिलं. त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. नऊ वर्षांत कौमुदीनं त्याला जे शिकवलं ते सगळं त्याला हे एक पत्र वाचण्यापुरतं उपयोगी पडलं, असं त्याच्या मनात आलं.

“पुण्यात पाणी हाय का?” त्यानं विचारलं.

“नळाला येतं.”

त्याच दिवशी आंबेदऱ्याला पाच माणसं चढली. त्यांत दगडू शेलार होता. म्हातारा रामजीच्या वयाचा, जिभेचा तिखट. काचेकडं बघून तो खो-खो हसला.

“रामज्या, आरं ही तर तुझी जुनी होडी! आठवतंय? पावसाळ्यात माणसं कमी असली की वाटा वाढायचा. वाटा वाढला की दोघं उतरायची. ती उतरली की ऱ्हाईलेल्यांचा आणखी वाढायचा. मग आणखी चौघं. शेवटी होडी रिकामी, आणि सगळी काठावर बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात!”

बाकीचे हसले. रामजी हसला नाही. त्याच्या हातातलं सुकाणू थांबलं आणि लाँच आपल्याआप वळत राहिली.

त्याला एक दिवस आठवला. चाळीस वर्षांपूर्वीचा, असाच धुक्याचा. तेरा माणसं होती. वाटा जास्त म्हणून एकेक करत बारा उतरली. राहिला एक म्हातारा, आंबेदऱ्याच्या शाळेतला शिपाई. त्याला पलीकडं लेकीच्या घरी जायचं होतं. सबंध डिझेल एकट्यानं भरायची त्याची ऐपत नव्हती. रामजीनं होडी खुंट्याला बांधली आणि घरी गेला. मागं वळून पाहिलं तर म्हातारा पिशवी घेऊन तिथंच उभा होता. हळूहळू धुक्यानं त्याचे पाय खाल्ले, मग पिशवी, मग तोंड.

आणि संध्याकाळी होडी तर पलीकडं जायचीच होती. तिकडून माणसं आणायची होती. म्हातारा बसला असता तरी तेवढंच डिझेल, न बसला तरी तेवढंच.

“मॅडम,” रामजी म्हणाला. गिऱ्हाइकं होती, पण पुढं त्याच्या तोंडून “बाई” आलं. “बाई, मी भरलेला त्यो कागद हाय का?”

कौमुदीनं खणातून झेरॉक्स काढली. तिनं ती ठेवली होती, विद्यार्थ्याची पहिली वही ठेवतात तशी. रामजीनं आपलं अक्षर पाहिलं. किती देखणं आलं होतं. ‘मा’ला जोर देऊन काढलेला कानासुद्धा त्याला ओळखता आला.

“हे चुकलंय,” तो म्हणाला.

“काय चुकलंय? सगळं शुद्ध आहे.”

“शुद्ध हाय, पण खोटं हाय. आपली लाँच रोज पाच धक्के घेती. एक माणूस असू द्या न्हाईतर शंभर. वीज तेवढीच. मग त्यो खर्च माणसाच्या नावावर कसा?” त्यानं कागदावर बोट आपटलं. “आम्ही वाटून घ्यायचो ती माणुसकीची रीत होती. कुणावर भार नगं म्हणून. मी ती हिशेबात लिहिली. बाई, तुमची बँक मीच बुडवली.”

कौमुदीनं कागद आपल्याकडं ओढला. मग म्हणाली, “मीही वाचलं होतं, तात्या. मी फक्त अक्षर वाचलं.”

दगडू शेलारनं टोपी काढून हातात घेतली. “मी आपलं चेष्टेनं बोललो रं,” तो पुटपुटला.

कौमुदीनं पुण्याला कळवलं आणि तिसऱ्या दिवशी रेहाना मुजावर आली. या खेपेस कठडा न धरता ती काउंटरपर्यंत गेली. तिनं आकडे उलटसुलट तपासले आणि डोक्याला हात लावला.

“आमच्याकडं नऊशे शाखांच्या काचा आहेत,” ती म्हणाली. “आम्ही रंग पाहतो. रेघ का नाही, हे कुणी विचारलंच नाही. तात्या, बसा. तुम्हाला जे कळलं ते आमच्या पुस्तकातलं पहिलं पान आहे, आणि मी ते तुम्हाला न सांगताच गेले.”

तिनं पावतीच्या पाठीवर लिहिलं. “वीज, दोन पगार, रंग, उपग्रह. कुणी चढो न चढो, महिन्याला दोन लाख दहा हजार. हा स्थिर खर्च. आता दुसरा. खातं हललं तर कागद, मेसेज, विमा, मिळून पन्नास. हा बदलता. साडेतीनशेतून पन्नास गेले, उरले तीनशे. म्हणजे प्रत्येक चालतं खातं त्या दोन लाख दहा हजारांच्या डोंगरातले तीनशे उचलतं. डोंगर हलवायला किती खाती?”

कौमुदी हळूच म्हणाली, “सातशे.”

“सातशे. तोटा माणसं आल्यामुळं नव्हताच. अजून साठ माणसं यायची राहिली होती, म्हणून होता.”

“आणि बोलत बसलं तर?” रामजीनं विचारलं.

“मॅडमचा पगार बोलल्यानं वाढत नाही, गप्प बसल्यानं कमी होत नाही. बोलणं फुकट आहे, तात्या.”

रामजीनं कपाळावरचा घाम पुसला. “मग बंदचा हुकूम?”

“तो यंत्राच्या निकालावर आहे. मी उत्तर बदलू शकते. मुदत बदलू शकत नाही.” तिनं नवा कागद काढला. प्रश्न तोच. “ज्यानं पहिलं उत्तर दिलं त्यानंच हे लिहायला हवं. आणि खाली लिहायचं, आधीचं चुकलं म्हणून.”

रामजीनं पेन घेतलं. पहिल्या वेळी पाव तास लागला होता, आता अर्धा लागला. दोनदा खाडाखोड झाली. त्यानं लिहिलं, ‘खर्च लाँचच्या नावावर. माणसाच्या नावावर नाही. आधी मी लिहिलं ते चुकलं. रामजी बाबू सपकाळ.’

अक्षर वेडंवाकडं आलं होतं. कौमुदीनं ते वाचलं, या वेळी शेवटच्या टिंबापर्यंत. काचेतले आकडे विरघळले. आणि तिथं हळूहळू, दूरच्या डोंगराची कड दिसावी तशी, एक निळी रेघ उमटली. दूध तिच्या कितीतरी खाली होतं.

चाळीस दिवस उरले होते. रामजी धक्क्याधक्क्यावर लाँच लावून ओरडू लागला. सुकाणू सोडून, हात तोंडाशी धरून. “या रं! तोटा न्हाई! माझीच चूक हुती! या, बसा, बोला!”

माणसं आधी बुजली. चार महिने गप्प राहायची सवय लागली होती. मग भागूबाई आली, डबा घेऊन. बाकड्यावरचं धुकं पदरानं झटकून बसली.

“बोलायचं का नक्की? नंतर म्हणशील वाटा द्या.”

“बोला, मावशी.”

“आगं, चार म्हैन्याचं तुंबलंय!” आणि ती जी सुरू झाली ती देवघळपासून फुरसळीपर्यंत. त्यातच कौमुदीला कळलं, की वरच्या वाडीतल्या मधवाल्या बाया आपले पैसे अजून हिरड्याच्या पोत्यात लपवतात, कारण बँकेत गेलं की बँकेचं नुकसान होतं असं त्यांनी ऐकलं होतं.

“किती जणी आहेत?”

“धरून चाल पन्नास-साठ. सासवा धरल्या तर जास्त.”

जुनी माणसं परतली, तरी सगळी नाही. दोघंतिघं वारली होती, काही शहरात गेली होती. वीस मार्चला पाचशे ऐंशी झाली, तिसाव्या तारखेला सहाशे त्रेचाळीस. काच रोज चार वाजता मोजायची. एकतिसाव्या तारखेच्या सकाळी कौमुदीनं ट्रंक भरून ठेवली होती. रामजीनं ती पाहिली आणि काही न बोलता तिच्यावर दोरखंडाचं वेटोळं ठेवलं. चटकन उचलता येऊ नये म्हणून.

त्या दिवशी धुकं उठलंच नाही. देवघळच्या धक्क्याजवळ ते जरा विरलं, तेव्हा पायऱ्यांवर रंगच रंग दिसले. हिरवी, जांभळी, पिवळी लुगडी. वरच्या वाडीच्या बाया पहाटेच उतरून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक पोटली. पोटल्यांना मधाचा वास.

“किती गं ह्या?” कौमुदीनं काउंटरवरून विचारलं.

“मोजू नगंस,” भागूबाई ओरडली, “लिहीत जा!”

लाँच भरली. बाकडी भरली, कठडे भरले, तिजोरीला टेकून दोघी म्हाताऱ्या बसल्या. अंगठे उठत होते. एकीनं सही करायचा हट्ट धरला आणि सगळ्या लाँचनं तिला अक्षरं सांगितली. कुणी ओवी म्हणत होतं, कुणी कुणाला चार महिन्यांपूर्वीचा राग आज ऐकवत होतं. सुकाणूपाशी उभ्या रामजीला तो सगळा गलका पाण्यावरून लांबून येतोय असं वाटलं, खूप जुन्या होडीतून यावा तसा.

चार वाजले. सगळ्यांनी वर पाहिलं. काच दिसेना. इतक्या माणसांच्या श्वासानं ती पांढरीफट्ट झाली होती. आत दूध किती, रेघ कुठं, काही कळत नव्हतं.

कौमुदी स्टुलावर चढली. तिनं अंगठ्यानं काच पुसली, अंगठ्याएवढीच. त्या गोल भोकातून तिनं बराच वेळ पाहिलं.

“बोल की गं पोरी, जीव घेतीस का?”

“सातशे चार,” ती म्हणाली. मग तिथंच स्टुलावर बसली आणि तोंड झाकून घेतलं.

जो ओरडा झाला त्यानं डोंगरात प्रतिध्वनी उठला. दगडू शेलारनं टोपी उडवली, ती पाण्यात पडली. भागूबाई दोरखंड बाजूला सारून ट्रंकेवरच पाय पसरून बसली. “पुढच्या म्हैन्यात पुन्हा यायचंय सगळ्यांनी,” ती दम देत म्हणाली. “एकदा येऊन भागत न्हाई.”

रामजीनं दोर सोडला. लाँच धक्क्यापासून वीसएक हात गेली असेल. तेवढ्यात मागं धुक्यात त्याला काहीतरी हललेलं दिसलं. पायऱ्यांवर एक म्हातारा उभा होता, हातात पिशवी. धापा टाकत होता. उशीर झाला होता आणि लाँच निघालेली पाहून त्यानं हात वर करायचाही सोडून दिला होता. धुकं त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

“तात्या, आकडा झालाय,” मागून कुणीतरी म्हणालं. “उगा कशाला फिरवता? आधीच दाटीवाटी झालीय.”

रामजीनं सुकाणू पुरं फिरवलं. भरलेली लाँच जड होऊन, हळूहळू, पुन्हा धक्क्याकडं वळली.

“या की,” तो धुक्यात हाक मारून म्हणाला. “अजून एकाला जागा हाय.”